दाण्यावरची साय

सदर कर्मचारी: स्त्री, वय वर्षे त्रेचाळीस, अविवाहित. हुद्दा: लेपन यंत्रचालक, श्रेणी दोन. उंची पाच फूट एक इंच. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर पाच टाक्यांचा व्रण, कामाच्या जागी झालेली दुखापत नव्हे. सेवाकाल एकोणीस वर्षे. अवलंबून असलेल्या व्यक्ती दोन. शिस्तभंगाची कारवाई: निरंक. स्वभाव: शांत, मितभाषी, यंत्राशी व सहकाऱ्यांशी सौजन्याने वागणारा.

हे वर्णन औषध कंपनीच्या आस्थापना खात्यातल्या फायलीत आहे आणि त्यावर तीन सह्या आहेत. त्यातला यंत्राशी सौजन्याचा भाग मात्र तिला कामावर पाहिलेला कुणीही मान्य करणार नाही. तिचं यंत्र म्हणजे दीड पुरुष उंचीचा स्टीलचा शंकू. त्याच्या पोटाला दाणे चिकटले की ती कमरेला लावलेला रबरी हातोडा काढायची आणि यंत्राला असं काही झोडपायची की पलीकडच्या पॅकिंग खात्यातल्या बायका म्हणायच्या, "चला, मेणबाईची आरडाओरड सुरू झाली." तोंडाने ती चकार शब्द काढत नसे. आरडाओरड यंत्राची.

मेणबाई हे नाव तिला कामावरून पडलं होतं. शंकूत खालून कोमट हवेचा झोत येई. त्या झोतात खसखशीएवढे लाखो दाणे उसळत, आपटत, एकमेकांना धडका देत. प्रत्येक दाण्यात औषध. मधल्या नळीतून वितळलेल्या चरबीचा फवारा उडे, थेंब दाण्यावर बसे आणि जागच्या जागी थिजे. सहा तास असा मार खाल्ल्यावर दाण्यावर एक पातळ, अखंड पापुद्रा चढे. कागदोपत्री त्याला 'स्निग्ध आवरण' म्हणत, खात्यात साय म्हणत.

साय नीट बसली तर कॅप्सूल पोटात गेल्यावर औषध चोवीस तास थोडं थोडं झिरपत राहतं. नाही बसली तर सगळं एकदम सुटतं. मग माणूस दुपारपर्यंत ओंडक्यासारखा पडून राहतो आणि दिवस कलला की अंगात औषधाचा टिपूस नसतो. ही माहिती प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी देतात. तिने स्वतः ती कितीतरी नव्या मुलींना दिली होती, आणि तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ती तोंडपाठ असायची गरजही नव्हती.

नियमाप्रमाणे साय तपासायची ती प्रयोगशाळेने. पण तिची स्वतःची एक पद्धत होती आणि ती नियमात बसत नसे. ती चार दाणे जिभेवर ठेवायची आणि मनात आकडे मोजायची. औषध जहरी कडू. साय कच्ची असेल तर वीस-तीसच्या आत कडू लागे. तिच्या हातच्या दाण्यांवर ती तीनशेपर्यंत मोजून थांबायची, तरी जीभ कोरी.

तर अशी ही बाई रोज सकाळी सहाला घर सोडायची आणि संध्याकाळी सहाला दारात यायची. आणि गेले दोन महिने, सहाच्या ठोक्याला, दारात मार खायची.

मारणारा तिचा थोरला भाऊ होता. दादा पूर्वी वेल्डर होता. अंगाने दोन माणसांचा एक. बारा वर्षांपूर्वी त्याला वेल्डिंगच्या ठिणग्या आपल्याशी बोलतात असं वाटू लागलं. पुढे त्या शिव्या देऊ लागल्या, आणि मग दादाने हातातली नळी फोरमनच्या दिशेने वळवली. फोरमन वाचला. नोकरी गेली. औषधं सुरू झाली. दिवसातून चारदा गोळ्या, प्रत्येक गोळीमागे भांडण, प्रत्येक भांडणामागे एखादं फुटलेलं भांडं. घरात काचेचं काही उरलं नव्हतं. होता तो एक पेला, तोही आईच्या लग्नातला म्हणून कपाटात.

यंदा डॉक्टरांनी नवी कॅप्सूल दिली. सकाळी आठला एकच, दिवसभराची निश्चिंती. ती बाटली पाहून मेणबाईने आयुष्यात पहिल्यांदा घरात कामाची बढाई मारली. लेबल दुसऱ्याच कंपनीचं होतं, पण तळाशी छापलेला बॅचचा आकडा तिचा होता.

"आई, हे मी केलंय."

"तू? तू कधीपासून डॉक्टर झालीस?"

"औषध नाही गं. आत दाणे असतात ना, त्यांच्यावर चरबी चढवतात. ती मी चढवते."

"चरबी?" आई म्हणाली. "औषधाला?"

"अगदी पातळ. दुधावर साय असते तशी."

दादा कोपऱ्यातून हसला. "छोटी आमची साय लावते," म्हणाला. त्या घरात त्याला हसून वर्ष झालं होतं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. दादा संध्याकाळी खिडकीत बसून रस्ता बघायचा, रेडिओ ऐकायचा, आईला लसूण सोलून द्यायचा. फक्त सुटू लागला. पट्ट्याचं शेवटचं भोक संपलं तेव्हा डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभा केला, आकडा पाहिला आणि आईला दम भरला: "चरबी बंद. एकदम बंद. तेल, तूप, लोणी, साय, काही नाही. हृदय फुटेल त्याचं." आईने मान डोलावली. ती डॉक्टरांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ मानणारी बाई. त्या दिवसापासून घरात भाजी पाण्यात शिजू लागली आणि दूध दोनदा गाळून येऊ लागलं.

त्यानंतर पंधरा दिवसांत पहिला मार.

सहा वाजले होते. दार उघडलं तर ते कुरकुरलं नाही. ते दार जन्मापासून कुरकुरायचं. आत कुणी उठलं, कुणी सरकलं, तर बाहेरच्याला कळायचं आणि बाहेरचा आला तर आतल्याला. त्या दिवशी ते लोण्यातून सुरी फिरावी तसं उघडलं. दादा दारामागे उभा होता. त्याच्या हातात कुकरचं झाकण होतं. ते तिच्या भुवईवर बसलं आणि पुढचं सगळं तिने एकाच डोळ्याने पाहिलं, कारण दुसऱ्यात रक्त उतरलं होतं.

"पाजतेस ना?" तो म्हणत होता. "रोज सकाळी कडू पाजतेस ना मला?"

"दादा, मी सकाळी घरात नसते रे!"

"म्हणूनच!" तो ओरडला, आणि या तर्काने त्याला एवढं बळ आलं की दुसरा तडाखा पहिल्याहून सरस बसला.

टाके घालणाऱ्या कंपाउंडरला आईने सांगितलं, "बाथरूममध्ये घसरली." कंपाउंडरने मेणबाईच्या गळ्यावरचे बोटांचे वळ पाहिले, आईकडे पाहिलं, आणि रजिस्टरमध्ये घसरली असं लिहून घेतलं.

त्यानंतर ते रोजचंच झालं. कधी केसांना धरून भिंतीवर डोकं, कधी लाथ. एकदा त्याने तिच्या दंडाचा असा चावा घेतला की मांसात दातांची पूर्ण रांग उमटली, वरची आणि खालची. दाताच्या डॉक्टरला मापासाठी चालली असती. तोंडाने एकच घोष: कडू, कडू, कडू पाजतात. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'विषप्रयोगाचा भ्रम.' साडेसातपर्यंत तो दमून गुडघ्यांत डोकं घालून रडत बसायचा आणि ती मोरीत बसून रक्त धुवायची.

"दिवसभर किती गुणी असतो गं," आई सांगायची. "नऊ वाजता लवंडतो तो चारला उठतो. तू आलीस की काय होतं त्याला, देव जाणे."

हे वाक्य कुकरच्या झाकणापेक्षा जास्त लागायचं. माझ्यामुळेच होतं तर मी जातेच कशाला, असं म्हणून तिने सलग चार दिवस जादा काम घेतलं आणि आठला घरी गेली. चौथ्या दिवशी आई जमिनीवर बसलेली सापडली. डावं मनगट उलट्या दिशेला वळलेलं, आणि दादा शेजारी बसून त्या मनगटावर फुंकर घालत होता.

आता डॉक्टर चष्मा काढून बोलले. ते चष्मा काढत तेव्हा नातेवाईक मनाची तयारी करत.

"आणखी एकदा कुणाचं हाड मोडलं, की मी कागद करणार. बंद वॉर्ड. तिथून परत येत नाहीत फारसे, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

"मग मलाही तिथेच ठेवा," आई म्हणाली. गळ्यात हात बांधलेला, आवाज अगदी साधा. "त्याला माझ्या हातचंच लागतं."

घरी येताना मेणबाईने हिशेब मांडला. सकाळी ओंडका, संध्याकाळी राक्षस. हे तर ती मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची तेच. साय फुटलेली आहे. आणि सध्याच्या नव्या बाटलीच्या तळाशीही बॅचचा आकडा तिचाच.

मग तिला ती अकरा मिनिटं आठवली. त्याच बॅचला फवाऱ्याचं तोंड तुंबलं होतं आणि दाणे अकरा मिनिटं चरबीवाचून उसळत राहिले होते. नोंदवहीत तिने चार लिहिली होती. पाचच्या वर लिहिलं की बॅच अडते, चौकशी बसते. एकोणीस वर्षांत तिने लिहिलेलं एकच खोटं. आणि ते, ती आता धरून चालली होती, फिरून तिच्याच घरी आलं होतं आणि रोज सहाला दारामागे उभं राहत होतं.

प्रयोगशाळेत एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे पाणीवाले म्हणत. त्यांच्याकडे काचेची सहा भांडी होती, अंगाएवढ्या उबेचं पाणी, आत संथ फिरणारं वल्हं. भांड्यात कॅप्सूल सोडायची आणि तासातासाला पाणी काढून किती औषध सुटलं ते मोजायचं. ते त्यांना 'माझी सहा पोटं' म्हणायचे.

तिने रुमालात बांधलेल्या सहा कॅप्सूल पुढे ठेवल्या.

"हे कुठलं, बाई?"

"घरचं."

"घरी यंत्र बसवलंस?"

"दादाच्या बाटलीतलं आहे. विचारू नका, टाका."

पाणीवाल्यांनी तिच्या भुवईकडे पाहिलं, ओठाकडे पाहिलं, आणि नेहमीचा बायकोवरचा विनोद गिळला. "आकडा वाईट आला तर मला वर कळवावं लागेल हां. नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे."

चोवीस तासांनी त्यांनी तिला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर हसू.

"पहिल्या तासाला सहा टक्के. आठव्याला एक्केचाळीस. चोवीसाव्याला सत्त्याण्णव. सहाच्या सहा पोटांत तेच. बाई, असली साय मी वर्षभरात पाहिली नाही. चौकटीत लावून भिंतीवर टांग."

तिला वाटलं होतं, असा आकडा आला तर आपण सुटकेने रडू. रडू आलं नाही. ती यंत्राशी परत गेली, हातोडा काढला आणि काही चिकटलेलं नसताना यंत्राला झोडपू लागली. औषधात खोट नाही, म्हणजे खोट दादात आहे. औषध अंगात असताना, शुद्धीत, ठरवून तो मारतो. दोन महिने ती एका आजाराचा मार समजून खात होती, आणि तो निघाला नुसत्या माणसाचा.

पॅकिंगमधल्या थोराड बाईने तिला पाणी आणून दिलं. ही बाई दोन नवऱ्यांना पुरून उरली होती आणि तिच्या सल्ल्याला खात्यात वजन होतं. पाणीवाल्यांचा आकडा तोवर खात्यात पसरला होता, आणि वळ कुणाच्या हातचे असतात हे तिला सांगावं लागत नसे.

"ते एक्केचाळीस टक्के घेऊन कुठे पोचलीस?"

"कुठेच नाही."

"मग वाट कसली बघतेस? त्याचा हात वर जायच्या आधी तुझा खाली आला पाहिजे. आणि गुडघ्यावर मार. बोडक्यावर मारशील तर पोलीस, गुडघ्यावर मारलं तर हळद."

त्या संध्याकाळी हातोडा तिच्या पिशवीतून घरी आला. रबरी हातोड्याची खासियत ही की तो स्टीलवर वण उठवत नाही. हाडाच्या बाबतीत बनवणाऱ्यांनी काही लिहिलेलं नाही.

दार आवाज न करता उघडलं. दादा दारामागे होताच. तिने गुडघ्यावर मारलं. एकोणीस वर्षांच्या सवयीचा हात. नेमका, मनगटातून, परत उचलायला मोकळा. दादा खाली बसला आणि तिच्याकडे अशा नवलाने बघू लागला की जणू यंत्रानेच परत मारावं. तिने खांद्यावर दुसरा घातला. त्याने तिचे पाय ओढून तिला पाडलं, छातीवर बसला, गळा धरला. तिने हातोड्याच्या दांड्याने त्याच्या कानाखाली खुपसलं. आई दोघांच्या मध्ये येऊन दोघांचाही मार खात होती आणि एकाच दमात दोघांनाही "पुरे, पुरे रे बाळांनो" म्हणत होती. शेजारच्यांनी रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी तिने दारातच मारलं. तिसऱ्या दिवशी तो दारामागे नव्हता, खोलीच्या टोकाला होता. ती तिथपर्यंत गेली. आठवड्याभरात तिच्या अंगावर नवी जखम होणं थांबलं. ती कामावर जरा ताठ चालू लागली. पाणीवाल्यांनी तिला एकदा गुणगुणताना ऐकलं आणि ते घाबरले.

अकराव्या दिवशी तिने दादाचा उजवा हात मोडला. त्या वेळी त्याने हात उचलला होता की नाही, हे तिला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही. आईचं म्हणणं असं की त्याने कपाटातला काचेचा पेला काढून त्यात पाणी भरलं होतं आणि तो तिच्यापुढे धरत होता. पेल्याचा चुरा झालेला होता, त्यामुळे त्यात पाणी होतं की नाही याचा काही पुरावा उरला नाही. जमीन ओली होती, पण मोरीमुळे ती त्या बाजूला नेहमीच ओली असे.

कंपाउंडरने रजिस्टर उघडलं.

"बाथरूममध्ये घसरला," आई म्हणाली.

कंपाउंडरने दादाच्या हाताकडे पाहिलं, मेणबाईच्या पिशवीतून डोकावणाऱ्या दांड्याकडे पाहिलं. "तुमचं बाथरूम एकदा बघायला पाहिजे," म्हणाला, आणि लिहून घेतलं. घसरल्याची नोंद असल्याने डॉक्टरांचा कागद काही झाला नाही. पण त्यांनी सांगून ठेवलं की महिनाअखेरीला तिघांना एकत्र बघेन आणि काय ते ठरवेन.

महिनाअखेरीला चार दिवस उरले असताना यंत्राच्या हवेचा पंखा जळाला. सकाळी साडेसातला जळका वास आला आणि फोरमनने तिला घरी पाठवलं. सुट्टीच्या दिवशी ती दहापर्यंत मेल्यासारखी झोपायची, आणि एरवी सहालाच बाहेर. त्यामुळे सकाळी आठ वाजता आपल्या घरात काय चालतं हे तिने कित्येक महिन्यांत पाहिलेलं नव्हतं.

दादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चहाची वाट बघत बसला होता. प्लास्टरमधला हात मांडीवर. तिला पाहून तो भिंतीला चिकटला. आई ओट्याशी पाठमोरी, डावं मनगट अजून बांधलेलं. शेगडीवर पाणी उकळत होतं. आईने एका वाटीत ते ओतलं, नखाने कॅप्सूल उघडली, दाणे पाण्यात सोडले आणि चमच्याने ढवळू लागली. दाणे फिरले, मऊ झाले, दिसेनासे झाले. पाण्यावर एक पांढरट तवंग आला. आईने वाटीत फुंकर घातली, तवंग थिजला, आणि तिने तो चमच्याच्या कडेने असा अलगद उचलला की एक थेंब खाली पडला नाही. दूध हाताळलेल्या बाईचा हात.

"आई, काय करतेस?"

"आलीस होय? बरं नाही का? चहा टाकू?" आईने मान वळवली नाही. "काही नाही गं. औषधावरची चरबी काढतेय."

मेणबाईला आपल्याच आवाजाची ओळख पटली नाही. "का?"

"का म्हणजे? डॉक्टरांनी सांगितलं ना, चरबी एकदम बंद. आणि तूच म्हणालीस, दाण्यांवर चरबी चढवता म्हणून. तू नसतीस सांगितलं तर मला कुठून कळणार होतं? माझा जीव वर-खाली झाला बघ तेव्हा. तेल बंद, तूप बंद, आणि औषधातूनच पोटात चरबी!" तिने चमचा एका डबीच्या कडेवर निपटला. डबी निम्मी भरलेली होती. "फेकत नाही मी. दाराच्या बिजागरीला लावते. कुरकुर पार गेली."

मेणबाईने वाटीत बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

एक म्हणायच्या आत कडू.

"कधीपासून?"

"काट्यावर उभा केला ना त्याला, तेव्हापासून. तीन महिने झाले असतील. रोज न चुकता." आईने पाणी चहात ओतलं, तीन चमचे साखर टाकली. "तरी म्हणतो कडू, कडू. औषध कडू असायचंच. हो की नाही रे?"

दादा मेणबाईच्या पिशवीकडे बघत होता.

तीन महिने. नव्वद सकाळी. तिने एकेका दाण्यावर सहा-सहा तास चढवलेली साय, पाणीवाल्यांच्या सहा पोटांनी वाखाणलेली, या बाईने फुंकर घालून उचलली आणि दाराच्या बिजागरीला फासली. आणि त्याच बिनआवाजी दारातून ती रोज संध्याकाळी त्या माणसाला मारायला येत होती, जो बारा वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलत होता. हे सगळं तिला सलग कळलं असं नाही. हातोडा कधी हातात आला तेही कळलं नाही. कळलं ते एवढंच की तो डोक्याच्या वर आहे आणि खाली आईचे पांढरे केस आहेत, मधोमध विरळ झालेले, भांग सरळ.

"मार," आई म्हणाली. ती हललीदेखील नाही. "मला काय कळतं त्यातलं."

हातोडा खाली आला. आवाज झाला तो प्लास्टरचा. दादा उंबऱ्यावरून कधी उठला कुणी पाहिलं नाही; त्याने मोडका हात मध्ये घातला होता. प्लास्टर कोपरापासून मनगटापर्यंत तडकलं. त्याच्या तोंडून एक बारीक, कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघाला. मग तो श्वास सावरून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला,

"तिला नको गं, छोटे. मला मार. मला सवय झालीये."

त्याने डावा हात उचलला. तिने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. फटका आला नाही. त्याने फक्त हातोडा तिच्या मुठीतून काढून ओट्यावर ठेवला, चहाच्या कपाशेजारी. मग परत उंबऱ्यावर जाऊन बसला. मेणबाईने तो चहा मोरीत ओतला, बाटलीतून नवी कॅप्सूल काढली आणि अख्खी, पाण्याबरोबर, त्याच्यापुढे धरली. तिच्या हातचं घ्यायला त्याने बराच वेळ लावला. शेवटी आईने ती तिच्या हातातून घेऊन त्याला दिली, तेव्हा त्याने गिळली.

महिनाअखेरीला डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. चार दिवस सहा वाजत होते आणि कुणी कुणाला मारत नव्हतं. दादा खिडकीत बसत होता, रेडिओ ऐकत होता. डॉक्टरांनी चष्मा काढला नाही. केसपेपरवर लिहिलं: औषधास उत्तम प्रतिसाद. विषप्रयोगाचा भ्रम पूर्णतः मावळला. बंद वॉर्डची आवश्यकता नाही. मग एका फॉर्मवरचा प्रश्न वाचून दाखवला, "घरात हिंसेचा धोका आहे का?" आणि उत्तरासाठी मेणबाईकडे बघितलं, कारण घरातली शहाणी व्यक्ती तीच होती.

"नाही," ती म्हणाली.

आईने चपलेकडे बघितलं. दादाने आईकडे. डॉक्टरांनी 'नाही' लिहून खाली रेघ मारली.

प्लास्टर निघालं तेव्हा दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटेनाशी झाली होती. लसूण तो आता डाव्या हाताने सोलतो. चरबीच्या डबीचं झाकण आईने घट्ट लावलं आणि ती वरच्या फळीवर ठेवली. डॉक्टरांना ही गोष्ट तिघांपैकी कुणीच सांगितली नाही. रबरी हातोडा कंपनीत परत गेला. पाणीवाल्यांनी तिच्या आकड्यांचा कागद खरोखरच भिंतीवर लावला, खाली 'आदर्श साय' असं लिहून. वर्षअखेरीला आस्थापना खात्याने तिची फाईल काढली, वयात एक आणि सेवाकालात एक मिळवला आणि बाकी वर्णन होतं तसं ठेवलं: शिस्तभंग निरंक, स्वभाव शांत, वागणूक सौजन्याची. तीन सह्या झाल्या.

बिजागरी कोरडी पडली आहे. संध्याकाळी सहाला दार कुरकुरतं, आणि दादा खिडकीतून उठून आईच्या पुढे उभा राहतो.